वेगाचा दंड आणि घरची रीत

पूर्वी चौकातला पोलीस शिट्टी वाजवून वाहन थांबवी. जो काही वाद व्हायचा तो तेथेच होई आणि तेथेच मिटे. आता रस्त्याकडेचा कॅमेरा मुकाट्याने वेग मोजतो, वाहनाचा क्रमांक टिपतो आणि दंडाची सूचना मालकाकडे धाडतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील कुटुंब सुट्टीत पुण्याच्या नातलगांकडे मोटारीने जाऊन येते, आणि घाटातील वेगाचे चलान मागाहून घर गाठते. मग प्रश्न पडतो : दंड भरून मोकळे व्हावे, हरकत घ्यावी, की स्वस्थ बसावे?

स्वस्थ बसण्याचा विचार प्रथमच सोडावा. न भरलेले चलान न्यायालयात जाऊ शकते, आणि पुढे गाडी विकावयाची झाल्यास हीच थकबाकी आडवी येते.

पैसे भरण्यापूर्वी मात्र सूचना खरी आहे याची खात्री करून घ्यावी. चलानाच्या नावाखाली खोटे संदेश पाठवून लुबाडणारे पुष्कळ आहेत. संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये, त्यातून आलेले ॲप फोनवर घेऊ नये. परिवहन विभागाचे शासकीय संकेतस्थळ स्वतः उघडून तेथे वाहनाचा क्रमांक घालून पाहावे.

चलान खरे निघाले तर छायाचित्र, क्रमांक, स्थळ, वेळ आणि नोंदलेला वेग शांतपणे तपासावा. २०२१ च्या केंद्रीय नियमाने सूचना घटनेपासून १५ दिवसांत धाडण्याचे बंधन घातले होते, आणि कॅमेऱ्याची देखरेख असलेल्या रस्त्यावर तसा फलक आधी लावावा लागतो. क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल, त्या वेळी गाडी दुसऱ्या गावी असेल, किंवा ती रीतसर विकलेली असेल, तर टोलची वा गॅरेजची पावती, विक्रीचे कागद असा पुरावा जोडून अवश्य हरकत घ्यावी. परंतु ती दंड भरण्यापूर्वी घ्यावी. तडजोड शुल्क भरले की प्रकरण तेथेच संपते. लोक अदालतीत तडजोड केली तर तिच्यावर अपील नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दंडाचे मान मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये आणि अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये झाले; तडजोडीची रक्कम राज्याराज्यांत निराळी असते. गुन्हा पुन्हा घडल्यास चालकाचा परवानाही जप्त होऊ शकतो.

खरी कसोटी येथेच लागते. गाडी वडिलांच्या नावावर, चालविणारे चिरंजीव, आणि परवान्यावर गंडांतर आलेले! अशा वेळी घरातलेच कोणी सुचवितात, ''आजोबांचे नाव सांगा, त्यांना परवान्याचे आता काय काम?'' वाहन कोण चालवीत होते हे विचारल्यास सांगण्याचे बंधन कायद्याच्या कलम १३३ ने मालकावर घातले आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, म्हाताऱ्या माणसाच्या नावावर खोटे खपविताना मुलगा समोर बसलेला असतो, याचा विसर कसा पडावा? त्या दिवशी तो जे शिकेल ते कोणत्याही शाळेला पुढे पुसून टाकता येणार नाही.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबावयास लागणारे अंतर चौपट होते. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी शेकडा ७१ मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो.

म्हणून चूक आपली असेल तर दंड मुदतीत भरावा, आणि तो चालविणाऱ्याने भरावा. मुलगा मिळवता असेल तर त्याच्या पगारातून, शिकत असेल तर त्याच्या खर्चाच्या पैशांतून, हप्त्याहप्त्याने का होईना! वडिलांनी गुपचूप भरलेले दोन हजार रुपये पावतीवर जमा होतात. मुलाने स्वतः भरलेले मात्र पुढच्या घाटात त्याचा पाय आवरतात.