खडपावरचा गाईड

पहाटे 5.30
मालवण, दांडीचा किनारा. अजून अंधार आहे. माडांखालच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडतो आहे. दोन सिलिंडर कालच भरून ठेवलेत, चार बाकी आहेत. मशीन मिनिटाला शंभरेक लिटर हवा दाबतं, म्हणजे एका सिलिंडरला वीस-बावीस मिनिटं. हवा ओढणारा पाइप गाईडने शेडबाहेर, वाऱ्याच्या अंगाला, बांबूवर उंच बांधला आहे. इंजिनाचा धूर त्यात शिरला तर तो पाण्याखाली माणसाच्या छातीत जातो. म्हणून तो पाइपचं तोंड पुन्हा पुन्हा बघून येतो. रिकामा सिलिंडर चौदा किलोच्या आसपास असतो. भरला की नुसत्या हवेचंच वजन अडीच किलोंवर जातं.

गाईड तिशीतला, गाबीत घरातला. वडील रापणीला जायचे आणि वाट्याला येईल ती मासळी घरी आणायचे. त्याने तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकून घेतलं.

सकाळी 7.10
पाहुण्या आल्या. नागपूरच्या ताई, बँकेत नोकरी. गाडीने कुडाळ, तिथून एसटीने मालवण. रजा जोडून घेतलेली. कॅमेरा छोटा, सेकंडहँड. त्याचं पाणबंद खोकं आणि फ्लॅश मिळून कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. शेडमधल्या बाकावर टॉवेल पसरून त्यांनी खोकं उघडलं, रबरी रिंग बाहेर काढली आणि नखाने नाही, बोटाच्या पेराने चाचपली. वाळूचा कण नाही, केस नाही. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. या रिंगेवर एक केस राहिला तरी सात मीटरवर कॅमेरा संपतो.

"पाणी बरां आसा आज," गाईड म्हणाला. दशमी आहे, भांगाचे दिवस. भरती-ओहोटीची ओढ कमी, म्हणून गाळ कमी उठतो.

सकाळी 8.00
सिंधुदुर्ग किल्ला उजव्या हाताला ठेवून होडी खडपावर थांबली. नांगर वाळूत टाकला, प्रवाळावर नाही. गाईड, ताई आणि मी, तिघं मागे कलून पाण्यात पडलो.

खाली चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. लाल रंग तर सगळ्यात आधी जातो. काही मीटर खाली गेलं की रक्तही काळपट दिसतं. म्हणून गाईडच्या हातात टॉर्च. तो पेटवला की राखी दगडावर एकदम नारिंगी, जांभळा, पिवळा उगवतो. दुसऱ्या हातात छत्रीची काडी, टोक घासून बोथट केलेलं. दाखवायला, आणि वाळूत टेकून स्वतःला आवरायला. जिवंत कशालाही ती लागता कामा नये.

तो फार कमी पोहतो. हे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. हात छातीशी, फिन वर, श्वासावर तरंगत. श्वास घेतला की चार बोटं वर, सोडला की चार बोटं खाली. एका हातभर दगडापाशी तो दहा मिनिटं थांबला. दगडावर हायड्रॉइडची झुडपं होती. पिसासारखी दिसतात, पण प्राणीच ते, आणि डंख मारतात. म्हणून तो बाही मनगटापर्यंत ओढून घेतो. सुटाच्या कोपरावर सायकलच्या सोल्यूशनने डकवलेलं ठिगळ आहे.

टण टण. काडी सिलिंडरवर वाजली. ताई वळल्या.

मला काहीच दिसेना. त्याने काडीचं टोक एका फांदीपासून दोन बोटांवर धरलं. तिथे तांदळाच्या दाण्याहून जरा मोठं काहीतरी होतं. समुद्री गोगलगाय, शंख नसलेली. पाठीवर बारीक शिंगांसारख्या झिरमिळ्या. ही हायड्रॉइड खाते, त्यांचे डंख फुटू न देता गिळते आणि आपल्या पाठीवरच्या त्याच झिरमिळ्यांच्या टोकांत साठवून ठेवते. खाल्लेल्याचं हत्यार करते.

आता ताईंचं काम. भिंग इतकं जवळ की कॅमेरा आणि जीव यांच्यामध्ये जेमतेम बोटभर पाणी. जवळ जावंच लागतं. मधलं पाणी जितकं कमी, तितका गाळ आणि निळेपणा कमी. पण इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरचाच असतो. डोक्यावरची वास घेणारी शिंगं नेमकी आली तर शेपूट धूसर. फ्लॅश समोरून मारला तर प्रत्येक गाळकण चमकतो आणि फोटोत बर्फ पडतो. गाईडने न विचारता ताईंचा फ्लॅश बाजूला वळवला, स्वतः लाटेच्या अंगाला आडवा झाला. त्याच्या अंगामागे पाणी स्थिर झालं. क्लिक. थांबा. श्वास. क्लिक. बहुतेक फोटो हुकले असणार.

पुढे एका रिकाम्या कालवाच्या शिंपीत ब्लेनी मासा. फक्त तोंड बाहेर, डोळे आमच्यावर. मग दगडाखाली पांढरी गुंडाळलेली फीत, कुणा गोगलगायीची अंडी. ती गाईडने टॉर्च खाली करून दाखवली.

सकाळी 9.20
होडीत. गरम चहा, बिस्किटं. ताईंच्या फेऱ्या खरं तर वेगळ्याच जिवाच्या मागावर चालू आहेत: गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. मुंबईचं नाव असलेली ही गोगलगाय विंकवर्थ यांनी 1946 साली नोंदवली. दीपक आपटे आणि दिशांत देसाई यांच्या भारतीय समुद्री गोगलगायींच्या मार्गदर्शिकेला ताईंनी घरी कव्हर घातलंय. दुसऱ्या सिलिंडरवरही ती सापडली नाही.

दुपारी 12.00
आता गर्दीचं काम. पर्यटकांच्या होड्या लागल्या आहेत. दहा-पंधरा मिनिटांची डुबकी, व्हिडिओ पॅकेजमध्ये. गाईड एकेकाला सिलिंडरच्या मानेला धरून खाली नेतो, कानातला दाब सोडायला सांगतो, घाबरलेल्याचा हात घट्ट धरतो. पर्यटकाची लाथ प्रवाळाला लागू नये म्हणून स्वतःची मांडी मध्ये घालतो. सकाळी ज्या दगडापाशी तो थांबला होता, तिथे तो कुणालाही नेत नाही.

मालवणभोवतीचा 29.12 चौरस किलोमीटर भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. गाईडच्या घरातही तो विषय निघाला की आवाज चढतो.

दुपारी 3.30
सगळं सामान गोड्या पाण्यात. टाकीतलं पाणी विकतचं, म्हणून आधी कॅमेरा, मग रेग्युलेटर, शेवटी सूट. खोक्याची बटणं पाण्याखालीच दाबायची, नाहीतर मीठ आत सुकून बसतं.

बांगड्याचं तिखलं आणि भात झाल्यावर लॅपटॉप उघडला. गाईड पडद्याला नाक लावून बसला. शिंगांवरच्या कड्या त्याने पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पाहिल्या.

"नागपुरात दर्या नाय. तुमका ह्या याड लागला कसा?"

ताई म्हणाल्या, आमच्याकडेही गोगलगायी आहेत, दगडातल्या. नागपूरच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. स्टीफन हिस्लॉप यांनी ते 1850 च्या दशकात गोळा केले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेच. कॉलेजात असताना एका बाईंनी असा एक शंख ताईंच्या तळहातावर ठेवला होता.

गाईडने फोनमधली वही उघडली. तारीख, खोली, कुठला दगड, काय दिसलं. मालवणीत, स्वतःच्या खुणांनी. कुठल्या महिन्यात अंड्यांची फीत कुठे दिसते, हे त्या वहीत आहे.

संध्याकाळी 6.30
हिशेब. दिवसाचे हजार रुपये आणि मॅक्रोच्या, म्हणजे असे बारीक जीव जवळून टिपणाऱ्या पाहुण्यांचे वर पाचशे. त्यातून टॉर्चच्या नव्या बॅटरीचा हप्ता. जूनपासून पावसाळाभर डायव्हिंग बंद, तेव्हा हे पैसे नाहीत. जुना कॅमेरा घ्यायचा आहे, पण आधी घराची कौलं.

ताईंनी निवडलेला फोटो नागपूरच्या एका प्रदर्शनाला जाणार आहे. चौकटीखाली कॅमेरा, भिंग, शटर लिहायची जागा असते. त्यांनी आणखी एक ओळ घातली: 'शोधणारा', आणि पुढे गाईडचं नाव. पाण्याखालचे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माझी हीच विनंती आहे. ती ओळ लिहा, आणि मॅक्रोचे पाचशे घासाघीस न करता द्या.