गाणे गाजले, पण गाणे कोणाचे?



स्नेहसंमेलनाच्या तालमीत आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, रॅप करून पोट भरते का?” सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

रॅप म्हणजे ठेक्यावर यमक जुळवून बोलत गाणे. तो हिप-हॉप संगीताचा भाग आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून कार्यक्रम ठेवला. तेथे तिचा भाऊ डीजे कूल हर्क याने तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म तेव्हापासून मानतात.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन हा अंधेरीच्या जे. बी. नगर भागातल्या वस्तीत वाढला. शाळेत मित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचे चित्र पाहून त्याला या संगीताची ओढ लागली. आधी तो इंग्रजीत लिही. पुढे गल्लीच्या हिंदीत लिहू लागला आणि लोकांना ते आपले वाटले. २०१५ मध्ये नेझीबरोबरचे ‘मेरे गली में’ गाजले. ते सोनी म्युझिकने काढले होते. त्याचा ठेका दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या प्रोड्यूसरचा. चित्रपटात निर्माता पैसा लावतो. हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे ठेका व संगीत बांधणारा. २०१९ मध्ये या दोन रॅपरांच्या जीवनावरून प्रेरित ‘गली बॉय’ चित्रपट आला. त्याच वर्षी डिव्हाइनने ‘गली गँग एंटरटेनमेंट’ ही स्वतःची कंपनी काढली. ती इतर रॅपरांचीही गाणी काढते.

याचे महत्त्व सुरतच्या माणसाला लगेच कळेल. आपले अनेक पालक लूम्सच्या खात्यात काम करतात. जॉबवर्कमध्ये यार्न पार्टीचे, मजुरी मीटरमागे आणि ताका बाजारात जातो तो दुसऱ्याच्या नावाने. स्वतःच्या मार्क्याचे कापड विकणाऱ्याला नफा मिळतो, पण माल पडून राहिला तर तोटाही त्याचाच. गाण्याचेही तसेच आहे. एकदाच पैसे घेऊन गाणे देणे हे जॉबवर्क. स्वतःचे लेबल हा स्वतःचा मार्का.

कायदाही कलावंताच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला हिस्सा लिहून देऊनही सोडता येत नाही. तसेच १८ वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने धरला जात नाही. म्हणून मोबाइलवर गाणे रेकॉर्ड करणाऱ्या मुलाला रागावण्याआधी पालकांनी त्याचे गाणे ऐकावे, आणि कोणी कागद पुढे केला तर आधी तो स्वतः वाचावा.

आता त्या मुलाला उत्तर : बाळा, पोट भरते, पण सर्वांचे नाही आणि लवकरही नाही. त्यासाठी भाषा हवी, हिशेब हवा आणि करार समजून घेण्याची अक्कल हवी. या तिन्ही गोष्टी शाळेत शिकता येतात. संमेलनात तुझे रॅप ठेवले आहे. शब्द मात्र तुझे स्वतःचे असावेत!

– मुख्याध्यापक