बाजरीच्या माहेरीं

आफ्रिकेंतील लोक काय खात असतील, असा प्रश्न आपल्याकडे निघाला म्हणजे मांस आणि कंदमुळें यांपलीकडे सहसा कोणाची कल्पना जात नाहीं. सोवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या घरांत तर हा विषयच निघत नाहीं. परंतु भोगीच्या दिवशीं ज्या बाजरीची तीळ लावलेली भाकरी आपण लेकीसुनांना प्रेमानें वाढतों, ती बाजरी मूळची कोठली, याचा विचार आपण क्वचितच करतों. आम्हांस तो करण्याचा योग उत्तर नायजेरियांतील कानो शहरीं आला. तेथें हौसा लोकांच्या एका साध्या खाणावळींत आम्ही कित्येक वेळां जेवलों. त्या अन्नाचा परिचय वाचकांस करून द्यावा, म्हणून हा लेख.

हौसा हा पश्चिम आफ्रिकेंतील फार मोठा समाज. उत्तर नायजेरिया व दक्षिण नायजर ही त्यांची मुख्य भूमी. धर्म बहुतांशीं इस्लाम. व्यवसाय शेती, व्यापार आणि कारागिरी. कानो हें त्यांचें जुनें तटबंदीचें नगर. सहारा ओलांडून येणारे उंटांचे तांडे शतकानुशतकें येथें उतरत. पाऊस वर्षांतून चार-पांच महिनेच. म्हणून पिकें ज्वारी, बाजरी, चवळी आणि भुईमूग. ही यादी वाचून सोलापूर-नगरकडील वाचकांस आपल्याच शिवाराची आठवण होईल.

खाणावळीस हौसा भाषेंत ‘गिदान अबिंची’, म्हणजे अन्नाचें घर, असें म्हणतात. पत्र्याचें छप्पर, लांब बांकें आणि हात धुण्यास पाण्याची किटली, एवढाच थाट. जेवावयाचें तें उजव्या हातानेंच. जेवत असलेला मनुष्य नव्यानें आलेल्यास पाहून ‘बिस्मिल्ला’ म्हणतो. त्याचा भाव आपल्या ‘या जेवायला’ याचाच. आभार मानतांना ‘ना गोडे’ म्हणतात. मराठी कानास प्रथम वाटतें कीं पदार्थ गोड नाहीं अशी तक्रार चालली आहे!

मुख्य अन्न ‘तुवो’. उकळत्या पाण्यांत ज्वारीचें किंवा मक्याचें पीठ सोडून तें लांकडी दांड्यानें घोटतात व घट्ट झाल्यावर त्याचे गोळे वळतात. तांदूळ मऊ शिजवून घोटूनहि तुवो करतात. कानडी मुलुखांतील नाचणीचा मुद्दा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अधिक सांगणें नको. बरोबर ‘मिया’ म्हणजे कालवण: भेंडीचें, तांबड्या भोपळ्याचें, किंवा गोरखचिंचेच्या वाळविलेल्या पानांच्या पुडीचें. या कालवणांत बहुधा मांस असतें. शाकाहारी माणसानें आधीं विचारून घ्यावें. आम्हीं आपला नेम सांगितल्यावर खाणावळीच्या बाईंनीं मुळींच आश्चर्य न दाखवितां भेंडीचें कालवण वेगळ्या भांड्यांत करून दिलें.

खरा आनंद पुढेंच होता. तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून, खळगे असलेल्या तव्यावर केलेला ‘मासा’ समोर आला, आणि पाहतों तों आपले आप्पे! चवळी भिजवून, सोलून, वाटून, कांदामिरची घालून शेंगदाण्याच्या तेलांत तळलेला ‘कोसाई’ म्हणजे आपला वडाच. ‘फुरा’ करण्यासाठीं बाजरीच्या पिठांत सुंठ-लवंग घालून गोळे उकडतात, उखळांत कांडतात, आणि ‘नोनो’ म्हणजे आंबट दुधांत कुस्करून पितात. हें दूध फुलानी गवळणी भोपळ्याच्या पात्रांत घालून डोक्यावरून विकावयास आणतात. ‘झोबो’ हें लाल अंबाडीच्या बोंडांचें, आलें घातलेलें थंडगार सरबत. आणि ‘कुनू’ पाहून तर आंबिलीचीच आठवण व्हावी.

हें साम्य केवळ योगायोगाचें नव्हे. संशोधकांच्या मतें बाजरी प्रथम सहाराच्या दक्षिण कडेस, आजच्या मालीच्या परिसरांत, सुमारें ४५०० वर्षांपूर्वीं लागवडीस आली; ज्वारी पूर्व सुदानांत; चवळी पश्चिम आफ्रिकेंत. तेथून तीं धान्यें सुमारें साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीं भारतांत पोंचलीं. चिंचहि मूळची आफ्रिकेचीच. आपल्या नित्यपाठांतील चमकच पाहा. त्यांत यजमान व्रीहि, यव, माष, तिल, मुद्ग, गोधूम, मसूर इत्यादि धान्यें मागतो. ज्वारी-बाजरीचें नांव नाहीं. जें अन्न आपण अस्सल देशी म्हणून मिरवितों, तें एका दूरच्या शेतकऱ्याचें देणें आहे. त्याच्या वंशजांच्या ताटाकडे नाक मुरडणें आपणांस शोभत नाहीं.

या स्वयंपाकामागें स्त्रियांचे कष्ट आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. पॉली हिल या इंग्रज विदुषीनें हौसा खेड्यांत राहून १९६९ सालीं दाखवून दिलें कीं पडद्यांतील स्त्रिया घरीं पदार्थ करून मुलांकरवीं विकतात, आणि ती कमाई त्यांची स्वतःची असते. घरासाठीं धान्य पुरविणें हें पतीचें कर्तव्य. पत्नीनें विक्रीसाठीं केलेला पदार्थ मात्र पतीसहि पैसे देऊनच घ्यावा लागतो! याच विदुषीनें पुढें हौसाभूमी व कर्नाटक येथील कोरडवाहू शेतकरी कुटुंबांची तुलना करणारा ग्रंथ १९८२ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या घरांत दिवसभर चुलीपाशीं राबणाऱ्या स्त्रीच्या हातीं स्वतःचे म्हणून किती पैसे असतात, याचा हिशेब वाचकांनीं आपापल्या घरीं अवश्य करावा.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें म्हणून पाळलें. तो ठराव भारतानें मांडला, आणि त्यास साथ देणाऱ्यांत नायजेरिया होता. गरजहि दोहींकडे सारखीच. कानोंतील मुलें पाव आणि शेवयांच्या पाकिटांकडे वळत आहेत. आपल्या घरांतहि भाकरी पाहून नातवंडें तोंड फिरवितात.

अशा घरांसाठीं चिंचेचा कुनू सांगून लेख पुरा करतों. बाजरीचें पीठ एक वाटी घेऊन थोड्या गार पाण्यांत कालवावें. पांच वाट्या पाण्यांत लिंबाएवढी चिंच, आल्याचा तुकडा व दोन-तीन लवंगा उकळून गाळून घ्याव्या. तें पाणी पुन्हां चुलीवर ठेवून उकळी आली कीं पीठ हळूहळू ओतावें, व गुठळ्या न होऊं देतां शिजेपर्यंत ढवळावें. साखर घालून गरम प्यावें. थंडीच्या सकाळीं चहाऐवजीं हें पेय मुलांना द्यावें, आणि देतांना बाजरीचें माहेर कोठें आहे, तेंहि त्यांस सांगावें.