पेढीवर बसणाऱ्याने खिशात कोणता चाकू ठेवावा?

आमच्या धंद्यात चाकूशिवाय एक दिवस जात नाही. सकाळी पेढी उघडली की टपाल फोडायचे, कुरियरची पाकिटे फोडायची, पार्टीकडून आलेले नमुने सोडवायचे, पार्सलची सुतळी कापायची. दुपारी डब्याबरोबर एखादे सफरचंद असते, त्यालाही तोच चाकू. असे असूनही विचार करून चाकू विकत घेणारा व्यापारी मी क्वचितच पाहिला आहे. पेन घ्यायला माणूस चार दुकाने हिंडतो, घड्याळ घ्यायला मेहुण्याला बरोबर नेतो, आणि चाकू म्हटला की स्टेशनबाहेरच्या पथारीवर जो हाताला लागेल तो उचलतो. मीही तेच करीत आलो होतो. त्याची किंमत मला नव्हे, माझ्या दुकानातल्या एका मुलाला मोजावी लागली. म्हणून हा विषय या पानावर मांडावासा वाटला.

गोष्ट ऑक्टोबर २०१४ ची. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्याकडे एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा गोदाम आणि पार्सले सांभाळायचा. कामाला चोख, बोलायला कमी. त्याच्यासाठी मीच एक चाकू आणून दिला होता. काळी मूठ, बटण दाबले की पाते खटकन् बाहेर. एका हातात पार्सल असले तरी दुसऱ्या हाताने उघडता येतो, एवढीच सोय मी पाहिली. एका रात्री काम उशिरा संपले. घरी जाताना नाकाबंदीत त्याची स्कूटर थांबवली गेली आणि खिशात तो चाकू सापडला. मला साडेअकराला फोन आला. मी बिलबुक, दुकानाचे लायसन, पगाराचे रजिस्टर, जे हाती लागले ते घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी चाकू टेबलावर ठेवला, बटण दाबले आणि मला विचारले, "शेठ, याने तुम्ही पाकिटे फोडता?"

मला उत्तर देता आले नाही. खरे तर उत्तर 'हो' हेच होते. पण टेबलावर उघडा पडलेला तो चाकू पाहून माझ्याच तोंडून ते निघेना.

पहाटे चारच्या सुमारास मुलाला सोडले. आठ दिवस तो कामावर आला नाही. नवव्या दिवशी वडिलांना घेऊन आला तो हिशेब करायला. वडील मला कठोर शब्द बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाई, चाकू तुमचा होता ना?" मुलगा आता दुसऱ्या पेढीवर आहे. भेटला की सलाम करतो, पण थांबत नाही.

त्यानंतर मी या वस्तूकडे नीट पाहू लागलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, दफ्तरात बसणाऱ्याचा चाकू मुळात वेगळ्याच कुळातला आहे. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. खुशखतीच्या तासाला बोरूच्या लेखण्या असत आणि त्या आम्हा मुलांना नीट तासता येत नसत. उस्तादांच्या शेरवानीच्या खिशात बोटभर लांबीचा घडीचा चाकू असे. त्याला कलमतराश म्हणत. आधी बोरू तिरका कापायचा, मग टोकाला मधोमध चीर द्यायची, शेवटी टोक तिरपे उडवायचे. त्या शेवटच्या कापाला 'कत' म्हणतात. कत बिघडला की अक्षर बिघडले. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातांनी लिहिली जात, आणि प्रत्येक कातिबाच्या बैठकीत दौतीशेजारी असा चाकू असायचाच. इंग्रजीतल्या 'पेननाइफ' या शब्दाची हकिकत हीच आहे. पिसाची लेखणी तासायचा तो चाकू. म्हणजे खिशातला छोटा चाकू हा लिहिणाऱ्याच्या सामानातला आहे, मारामारी करणाऱ्याच्या नव्हे.

दुसरे कूळ रामपुरीचे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचे हात निःसंशय चांगले; शहराला आपल्या या हुनराचा अभिमानही आहे. २०२३ मध्ये तिथे एका चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. पण रामपुरीचे नाव घेताच डोळ्यांपुढे सिनेमा येतो. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग आमच्या वयाच्या कोणाला आठवत नाही? कारागिराचा दोष नसेल, पण ज्या वस्तूची शोहरत अशी झाली ती पेढीवर नको.

हे दुर्दैव आपल्याकडेच आहे असे नाही. जपानमध्ये हिगोनोकामी नावाचा पितळी किंवा लोखंडी मुठीचा साधा घडीचा चाकू शाळेतली मुले पेन्सिली तासायला वापरीत. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांची भर सभेत हत्या झाली. हत्यार होते आखूड तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हातातून सगळेच चाकू काढून घेण्याची मोहीम देशभर चालली आणि हिगोनोकामी बनवणाऱ्यांचा धंदा बसला. गुन्हा तलवारीचा, शिक्षा पेन्सिल तासणाऱ्या चाकूला.

आता निवडीकडे येऊ. माझे पहिले माप लांबीचे. पाते तीन इंचांपेक्षा कमी असावे, आणि खरे सांगायचे तर पेढीच्या कामाला दोन इंच पुरतात. तीन इंचांचा आकडा मी मनाने काढलेला नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, उघडल्यावर कुलूप न लागणारा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मोकळीक आहे. दिल्लीत बटणाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंविषयी १९८० साली अधिसूचना निघाली, तिच्यात ७.६२ सेंटिमीटर असा आकडा आहे. इंचांत करून पाहा, बरोबर तीन येतात. माल घ्यायला-विकायला दिल्लीला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरे माप उघडण्याच्या रीतीचे. बटण नको, झटक्याने उघडणारे नको. पात्यावर नखाची खाच असते, तिच्यात नख अडकवून दोन्ही हातांनी सावकाश उघडायचा तोच चाकू बरा. यात दोन सेकंद जास्त जातात. पण त्या दोन सेकंदांत समोरच्या गिऱ्हाइकाला कळते की हा माणूस पाकीट फोडतो आहे. माझा जुना चाकू खटकन् उघडला की उल्हासनगरहून येणाऱ्या आमच्या एक कपडे शिवणाऱ्या बाई खुर्चीत मागे सरकत. तेव्हा मला हसू यायचे.

तिसरी गोष्ट कापडवाल्यांसाठी, आणि ती मी नुकसान सोसून शिकलो. टोकदार पाते पॅकिंग फाडून आत जाते. एकदा वरच्या ताग्याच्या तीन घड्यांना चीर गेली आणि चांगला तागा तुकड्यांच्या भावात काढावा लागला. म्हणून टोक बोथट किंवा खाली वळलेले असलेले पाते शोधावे. ते मिळाले नाही तर पाते आखूड घ्यावे आणि कापताना धार नेहमी आपल्या मालापासून दूर, वरच्या बाजूला ठेवावी. गाठीची लोखंडी पट्टी मात्र खिशातल्या चाकूने कापू नये. त्याला पत्रा कापायची कात्री असते. चाकूही जातो आणि बोटही.

बाजारात मिळणाऱ्या मालात माझा कौल स्वित्झर्लंडच्या छोट्या लाल चाकूला आहे. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा चाकू बनवला. १९०९ मध्ये आई वारली तेव्हा मालाला तिचे नाव दिले, व्हिक्टोरिया. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आले, त्याला फ्रेंचमध्ये 'इनॉक्स' म्हणतात. दोन्ही मिळून व्हिक्टोरिनॉक्स झाले. त्यांचा 'क्लासिक' नावाचा चाकू मिटल्यावर ५८ मिलिमीटर भरतो, म्हणजे करंगळीएवढा. किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो. त्यात आखूड पाते आहे, नखांची कानस आहे, आणि आपल्या कामाची मोठी गोष्ट म्हणजे छोटी कात्री आहे. नमुन्याच्या कडेची कतरण काढायची, ताणा-बाण्याचे दोन धागे ओढायचे आणि काडी लावून पाहायचे. सूत असेल तर जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी. ही परीक्षा या एका कात्रीवर होते. दलाल समोर बसलेला असताना तर हमखास करावी.

थोडा मोठा हवा असेल त्याने त्याच कंपनीचा 'कॅडेट' पाहावा. ८४ मिलिमीटर, मूठ ॲल्युमिनियमची, खिशात पातळ बसतो, शर्ट-पँट घालणाऱ्या माणसाला शोभतो. त्यात कात्री नाही, ही माझी तक्रार. या नावांची नक्कल बाजारात पुष्कळ आहे. पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव आणि 'स्विस मेड' स्वच्छ कोरलेले आहे का, पाती उघडताना-मिटताना घट्ट पण सारखी चालतात का, मिटल्यावर फटी दिसतात का, हे दुकानातच पाहून घ्यावे. कापडावर हात फिरवून सूत ओळखणाऱ्याला हे जड जाऊ नये.

फ्रान्सचा ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू दिसायला फार सुंदर. सावॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये काढला. माझ्या मेव्हण्याने मला सहा नंबरचा आणून दिला. पण दोन गोष्टी. एक, १९५५ पासून त्याला गोल कडे आहे, ते फिरवले की पाते कुलूपबंद होते. त्यामुळे कुलूप नसावे या मापात तो बसत नाही. दुसरी, आमच्या भिवंडीच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते बाहेर निघता निघत नाही. जुलैत मी तो टेबलावर आपटून उघडत असे. शिवाय साध्या पोलादाचा घेतला तर लिंबू कापून विसरलात की दुसऱ्या दिवशी डाग. घ्यायचाच तर न गंजणाऱ्या पोलादाचा घ्या आणि घरी फळे कापायला ठेवा.

धारेविषयी थोडे. पुठ्ठा आणि प्लास्टिकची पट्टी धार सर्वांत लवकर खातात. महिन्याला एकदा बारीक दगडावर पाते पंधरा ते वीस अंशांवर धरून दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. चाकावर धार लावणाऱ्याकडे छोटा चाकू देऊ नये, तो निम्मे पाते उडवतो. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

कायद्याचे मी वकिलाकडून समजून घेतले तेवढेच सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. हे वाचून पुष्कळजण निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७ वेगळे आहे. त्याखाली निघणाऱ्या मनाई आदेशांत चाकू हा शब्द आहे, इंचांचे माप नाही. निवडणूक, सण, मोर्चा अशा दिवसांत असे आदेश निघतच असतात, आणि ते मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा आहे. माझ्या मुलाला त्या रात्री नऊ इंच कामाला आले नाहीत. अशा दिवसांत चाकू पेढीच्या खणातच राहिला पाहिजे, मग तो कितीही लहान असो. कोर्टात जाताना तो घरी ठेवावा. विमानाने जाताना हातातल्या बॅगेत नको, सामानात द्यायच्या बॅगेत टाकावा. हे विसरून मी एक 'क्लासिक' विमानतळावरच्या डब्यात सोडून आलो आहे.

आमच्या पेढीवर आता चार चाकू आहेत. रोज सकाळी मुनीमजी ते कामाच्या माणसांना देतात आणि शटर पाडण्यापूर्वी परत घेऊन खणात ठेवतात. वहीत सही होते. नवीन मुलाला हे विचित्र वाटते. एकाने परवा विचारले, "शेठ, एवढ्याशा चाकूची सही?" मी त्याला सही करायला सांगितले. पाचवा चाकू माझा, तोही संध्याकाळी त्याच खणात जातो.