छऱ्याच्या बंदुकीचा भाव

वऱ्हाडात जुनी छऱ्याची बंदूक बाहेर येते ती बहुधा वाटणीच्या वेळी. अकोल्यातलं एखादं जुनं घर असो, अचलपूरकडचा वाडा असो की अमरावतीतल्या जिनवाल्या शेटजींचा बंगला, कपाटामागून सतरंजीत गुंडाळलेली ती निघते आणि पहिला प्रश्न येतो, "किती येतीन जी हिचे?" नळीवर इंग्रजी अक्षरं दिसली की आकडा थेट लाखावर जातो. कुणीतरी मोबाइलवर इंग्लंडातली किंमत पाहून ठेवलेली असते. ती इथे काही कामाची नाही, कारण तिकडचं गिऱ्हाईक अकोल्यात येत नाही.

कापसाचा व्यापारी भाव बोलण्याआधी चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी पाहतो. बंदुकीचंही तसंच, आधी हात लावायचा. भरलेली नाही ना, हे सर्वांत आधी. मग शिक्का. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली म्हणजे बर्मिंगहॅमची बीएसए. लिंकन जेफ्रीज यांच्या 1904 च्या पेटंटवरून या कारखान्याने 1905 पासून हवेच्या रायफली काढल्या. ताण द्यायचा दांडा नळीखाली असतो. वेब्ली कंपनीच्या मार्क 3 चाही दांडा तसाच खाली, पण ती 1947 ते 1975 मधली. आजोबा 1930 साली वारले आणि बंदूक त्यांचीच, असं कुणी सांगितलं तर ही तारीख आठवावी.

डायनाच्या बाबतीत जास्त फसगत होते. धनुष्य टाकून देऊन बंदूक उंचावणारी देवी हा तिचा शिक्का. कारखाना जर्मनीतल्या रास्टाटचा, 1890 चा. दुसऱ्या महायुद्धानंतर नुकसानभरपाईत यंत्रं आणि नाव ब्रिटनकडे गेलं आणि स्कॉटलंडात मिलब्रो कंपनी डायना बनवू लागली. 1984 मध्ये जर्मनांनी नाव परत विकत घेतलं. म्हणजे डायना जर्मन असते तशी स्कॉटिशही, आणि शौकीन सहसा जर्मन डायनाला जास्त पैसे मोजतो. पन्नासनंतरच्या पुष्कळ जर्मन बंदुकांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं.

सगळ्यात मोठं नुकसान करतो तो हौशी वारस. विकायच्या आधी पॉलिश पेपरने घासून नळी आरशासारखी करतो, वरून क्रोम चढवून आणतो. मूळची निळसर काळी झाक गेली, अक्षरांच्या कडा बोथट झाल्या, की जाणकार बंदूक खाली ठेवतो. तपकिरी पडलेलं जुनं पोलाद चालतं. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या दिसल्या तर आत कुणीतरी हात घातलेला आहे. दस्ता नंतर बसवलेला असेल तर लाकूड आणि लोखंड यांच्यामधल्या फटी ते सांगतात.

आवाजावर मात्र भुलू नये. आतल्या दट्ट्यावर चामड्याचा वॉशर असतो, त्याला थेंबभर तेल लागतं. लोक वाटीभर ओततात. मग दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते तेल पेटतं, धूर निघतो, बार मोठा होतो आणि घरचे म्हणतात, काय जोर आहे! तो जोर नसून वॉशर आणि स्प्रिंग खराब होत असल्याची खूण आहे.

नंबरही पाहावा. जुन्या विलायती भाषेत 1 नंबर म्हणजे 0.177 इंच, 2 नंबर म्हणजे 0.22. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 0.177 पर्यंतची आणि 20 ज्यूलच्या आतली एअरगनच विनापरवाना चालते. त्यामुळे देखणी 2 नंबरची बीएसए इथे गिऱ्हाईक पळवून लावते. पक्ष्यांवर, वानरांवर चालवायची म्हणून कुणी विचारत असेल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचं नाव काढावं.

वालचंद हिराचंदांनी 1926 साली सुरू केलेल्या इंडियन ह्यूम पाइपची आयएचपी बंदूकही कपाटातून निघते. देशी म्हणून लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. धड अवस्थेतली आयएचपी घासलेल्या डायनापेक्षा बरी.

राहिली मालकाची कहाणी. सालिम अलींनी 1908 च्या सुमारास, पोरवयात, छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि त्यातून पक्षीशास्त्रज्ञ घडला. अशी कहाणी भाव वाढवते, पण कागद असेल तरच. दुकानाची पावती, छऱ्यांची मूळ डबी, आजोबांच्या हातात तीच बंदूक असलेला फोटो. वाटणीत नेमकं हेच सगळं रद्दीवाल्याकडे आधी गेलेलं असतं.