दोन बाइटांचा नकार

नृत्यमंचावर सलग संगीत वाजवणाऱ्या डीजेसमोर जी यंत्रे मांडलेली असतात, त्यांपैकी सर्वाधिक रुळलेल्या यंत्राला ‘सीडीजे’ म्हणतात. नावात सीडी असली तरी सीडीशी त्याचे नाते आता जवळजवळ संपले आहे. पायोनियर या जपानी कंपनीने १९९४ साली सीडीजे-५०० आणले, २००१ च्या सीडीजे-१००० ने विनाइल तबकडीप्रमाणे हाताने मागेपुढे फिरवता येणारे चक्र दिले, २००९ च्या सीडीजे-२००० नंतर पेनड्राइव्हवरून वाजवण्याची रीत रुळत गेली, आणि २०२० च्या सीडीजे-३००० मध्ये सीडी घालण्याची फटच उरली नाही. गोव्यात २००७ साली सुरू झालेल्या सनबर्नसारख्या महोत्सवांत यंत्रे सहसा आयोजक पुरवतो आणि कलावंत आपले संगीत खिशातल्या पेनड्राइव्हवर घेऊन येतो. त्यामुळे परक्या यंत्राला तो पेनड्राइव्ह वाचता येईल की नाही, यावर सगळा कार्यक्रम अवलंबून राहतो.

हे वाचन तीन पायऱ्यांनी होते. पेनड्राइव्हची जागा कशी विभागली आहे, हे सांगणारा तक्ता यंत्र प्रथम पाहते. मग त्या विभागात फाइली कोणत्या पद्धतीने नोंदल्या आहेत, म्हणजे ‘फाइल सिस्टिम’ कोणती, हे तपासते. आणि शेवटी प्रत्यक्ष ध्वनिफाइल उघडते. पहिल्या पायरीवर एमबीआर हा १९८३ पासूनचा जुना तक्ता लागतो. मॅक संगणकावर फॉरमॅट करताना नकळत जीयूआयडी हा नवा तक्ता निवडला गेला, तर पेनड्राइव्ह संगणकावर व्यवस्थित उघडतो आणि कित्येक प्लेअरवर मात्र दिसतच नाही. दुसऱ्या पायरीवर फॅट३२ ही पद्धत सर्वांत भरवशाची ठरते. तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवला जात असल्याने एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, पण नेहमीच्या गाण्याला ही मर्यादा आड येत नाही. विंडोजची एनटीएफएस पद्धत हे प्लेअर स्वीकारत नाहीत, आणि एक्सफॅट ही नंतरची पद्धत काही नव्या प्लेअरना चालली तरी सीडीजे-२००० च्या पिढीला चालत नाही.

सर्वांत विलक्षण अडवणूक तिसऱ्या पायरीवर होते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली आणलेल्या वेव्ह फाइलमध्ये ध्वनी न आकसता साठवलेला असतो आणि त्याच्या आधी एक छोटे शीर्ष असते. साध्या फाइलमध्ये ते अवघे ४४ बाइटांचे असते. त्यातील पहिल्या चार बाइटांत ‘आर-आय-एफ-एफ’ ही अक्षरे येतात, नवव्यापासून ‘डब्ल्यू-ए-व्ही-ई’ येते, आणि एकविसावा व बाविसावा बाइट मिळून पुढचा ध्वनी कोणत्या प्रकारचा आहे, याचा संकेतांक देतात. साध्या ध्वनीसाठी हा संकेतांक १ असतो. दोनपेक्षा जास्त वाहिन्या आणि १६ बिटांहून सूक्ष्म नोंद यांची सोय व्हावी म्हणून पुढे ‘एक्सटेन्सिबल’ नावाचे विस्तारित शीर्ष आले. त्यात याच जागी ६५५३४ हा आकडा असतो आणि खरा प्रकार शीर्षात पुढे लिहिलेला असतो. काही आज्ञावली २४ बिटांची साधी दोन वाहिन्यांची फाइल तयार करतानाही हेच शीर्ष लावतात. जुने सीडीजे ते दोन बाइट वाचते, अनोळखी आकडा पाहून पुढचे तपशील न वाचताच थांबते आणि पडद्यावर ई-८३०५, म्हणजे ‘फाइलचा प्रकार मान्य नाही’, असा संदेश दाखवते. आतला ध्वनी मात्र यंत्राला सहज वाजवता येईल असाच असतो, म्हणूनच ते दोन बाइट बदलून १ लिहिला की ध्वनीच्या एकाही कणाला हात न लावता तीच फाइल वाजू लागते. नाद शाबूत असताना केवळ नोंदीवरून नकार मिळावा, हे या यंत्राच्या काटेकोरपणाचे आणि त्याच्या आडमुठेपणाचेही लक्षण आहे.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. फ्लॅक हा गुणवत्ता न गमावता आकसलेला प्रकार २०१६ च्या सीडीजे-२०००एनएक्सएस२ वर वाजतो, पण मूळ सीडीजे-२००० वर वाजत नाही. त्यामुळे एकाच मंचावर शेजारी ठेवलेली दोन यंत्रेही एकच पेनड्राइव्ह वेगवेगळ्या प्रकारे स्वीकारतात. एमपी३ सर्वत्र वाजते, तरी तिची एक चौकट १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते, आणि सुरुवातीची चौकट मोजायची की वगळायची याबाबत आज्ञावलींचे एकमत नसल्याने एका आज्ञावलीत आखलेल्या ठेक्याच्या खुणा दुसरीत तेवढ्याच सरकतात. रेकॉर्डबॉक्स ही कंपनीचीच आज्ञावली गाण्यांची सूची आणि ठेक्याच्या खुणा पेनड्राइव्हवर लिहून देते, परंतु २०२३ च्या ओपस-क्वाड या यंत्रासाठी तिने नवी सूचीपद्धत आणली, जी जुन्या यंत्रांना वाचता येत नाही. म्हणजे गाणे तेच राहते आणि त्याच्याभोवतीची नोंद मात्र दर पिढीला बदलते, आणि त्या बदलाचा भार उत्पादकाऐवजी वाजवणाऱ्यावर येतो.

ही जबाबदारी उत्पादकांनी उचलायला हवी. निदान विस्तारित शीर्ष पुढे वाचून पाहण्याइतकी सोय जुन्या यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या अंगभूत आज्ञावलीत, देणे अवघड नव्हते. तोपर्यंत डीजेने पेनड्राइव्ह एमबीआर आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, वेव्ह फाइली १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झवर साध्या शीर्षासह तयार कराव्यात किंवा ३२० केबीपीएसची एमपी३ वापरावी, मंचावर कोणते यंत्र असेल हे आयोजकाला आधी विचारावे, आणि त्याच संगीताचा दुसरा पेनड्राइव्ह जवळ ठेवावा.