दोघांचा प्रवास, एकाचे निवेदन : प्रवासवर्णनातील ‘आम्ही’

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांतील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• मराठी क्रियापदाच्या रूपांमुळे सहप्रवासी निवेदनात केव्हा दिसतो व केव्हा झाकला जातो, हे सांगता येईल.
• पतिपत्नींनी मिळून केलेल्या प्रवासाचे वर्णन भाषिक अंगाने तपासता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. स्थळ, काळ, प्रवासी आणि निवेदन हे त्याचे चार घटक आपण विचारात घेतले. त्यांपैकी ‘प्रवासी’ या घटकाविषयी एक प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला होता. प्रवास एकाने केला असेल, तर प्रवासी आणि निवेदक एकच असतो. परंतु प्रवास दोघांनी केला आणि लेखणी एकाच्या हाती असली, तर दुसऱ्याचे काय होते?

हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. मुले मार्गी लागल्यावर, नोकरीची शेवटची काही वर्षे उरली असताना, देशात व परदेशात हिंडणारी पन्नाशीची जोडपी आपल्या अवतीभवती अनेक आहेत. त्यांतील अनेकजण लिहितात. दिवाळी अंकांतून, ज्ञातीच्या वा संस्थांच्या मुखपत्रांतून त्यांचे लेख आपण वाचतो. या लेखांत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द कोणत्याही शहराचा नसतो. तो ‘आम्ही’ हा असतो. प्रस्तुत घटकात या एका शब्दाचा विचार करावयाचा आहे.

२. विषय विवेचन

२.१ परंपरेतील सहप्रवासी

मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेत सोबत ही नवी गोष्ट नाही. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात फिरले ते आपल्या काकांसह. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. शीर्षकातील ‘माझा’ हा शब्द येथे लक्षात घ्यावा. पंडिता रमाबाईंचे इंग्लंडच्या प्रवासाचे वर्णन १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे स्त्री स्वतःच निवेदक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’मागील (१९६०) प्रवासात सुनीताबाई त्यांच्यासोबत होत्या, निवेदन मात्र पु. लं.चे आहे. त्याच सुनीताबाईंनी पुढे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) या आत्मकथनात सहजीवनाविषयी स्वतःच्या आवाजात लिहिले. एका सहजीवनाचे दोन निवेदक असू शकतात, हे मराठी वाचकाला या दोन पुस्तकांमुळे सहज ध्यानात येते.

२.२ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

हिंदीतील ‘हम’ किंवा इंग्रजीतील ‘वुई’ या एकाच सर्वनामाने जे काम होते, त्यासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’ या सर्वनामात बोलणारा आणि ऐकणारा असे दोघेही येतात. म्हणून त्याला समावेशक सर्वनाम म्हणतात. ‘आम्ही’मध्ये बोलणारा आणि त्याच्या सोबतचे लोक येतात, ऐकणारा वगळला जातो. म्हणून ते व्यावर्तक सर्वनाम होय. ‘आपण’ची आदरार्थी द्वितीय पुरुषातील व आत्मवाचक योजना येथे विचारात घेतलेली नाही. समावेशक-व्यावर्तक हा भेद गुजरातीतही आहे. तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’ ही जोडी हेच काम करते. द्राविडी भाषांशी आलेल्या दीर्घ संपर्कामुळे हा भेद मराठीत रुजला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात.

आता पुढील दोन वाक्ये पाहा :

(१) उद्या आपण तंजावरला जाऊ.
(२) दुसऱ्या दिवशी आम्ही तंजावरला गेलो.

पहिले वाक्य पती पत्नीशी बोलतो आहे. ती श्रोता आहे, म्हणून ‘आपण’. दुसरे वाक्य तोच पती परतल्यावर लिहितो आहे. श्रोत्याच्या जागी आता वाचक आला आहे आणि वाचक त्या प्रवासात नव्हता, म्हणून ‘आम्ही’. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. परंतु या बदलात एक गोष्ट घडली आहे. प्रवास चालू असताना पत्नी ही ‘जिच्याशी बोलले जाते’ अशी व्यक्ती होती. प्रवास सांगितला जाऊ लागताच ती ‘जिला धरून बोलले जाते’ अशी व्यक्ती झाली. ‘आपण’मध्ये तिला उत्तर देण्याची जागा होती. ‘आम्ही’मध्ये ती मोजली जाते, तिला विचारले मात्र जात नाही.

२.३ क्रियापद काय झाकते?

मराठीत भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवते : ‘मी पोहोचलो’ (पुरुष), ‘मी पोहोचले’ (स्त्री). अनेकवचनात हा भेद नाहीसा होतो. बोलणारे सर्व पुरुष असोत, सर्व स्त्रिया असोत वा दोन्ही असोत, ‘आम्ही पोहोचलो’ हेच रूप येते. तृतीय पुरुषात मात्र असे होत नाही. ‘ते निघाले’, ‘त्या निघाल्या’ आणि जोडप्याविषयी ‘नवराबायको दोघे निघाली’ अशी तीन रूपे तेथे आढळतात. पाहणारी तिसरी व्यक्ती जो भेद करते, तो ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला करावा लागत नाही.

यापुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठीत सर्वनाम गाळण्याची मुभा असते. ‘रात्री उशिरा पोहोचलो’ असे पुरुषाने लिहिले, तर तो एकटा पोहोचला की दोघे पोहोचली, हे वाक्यावरून कळत नाही. कारण पुल्लिंगी एकवचन आणि अनेकवचन ही रूपे सारखीच आहेत. स्त्रीला ही सोय नाही. ती एकटी असेल तर ‘पोहोचले’ आणि सोबत कोणी असेल तर ‘पोहोचलो’ असेच तिला लिहावे लागते. म्हणजे पुरुष निवेदकाला सहप्रवासी नकळत विसरता येतो. स्त्री निवेदकाला प्रत्येक वाक्यात एकटेपण आणि सोबत यांतून एकाची निवड करावी लागते.

सकर्मक क्रियापदांत तर कर्ता आणखी मागे सरतो. ‘आम्ही शिलालेख वाचला’ या वाक्यात क्रियापद शिलालेखाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कोणी वाचला, हे क्रियापद सांगत नाही.

२.४ एक उदाहरण : तंजावर आणि लंडन

वरील उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. काही वर्षांपूर्वी मी व माझी पत्नी तंजावरला गेलो होतो. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याची हकीकत सांगणारा, सरफोजी राजांच्या काळातील, १८०३ सालचा दीर्घ मराठी शिलालेख आहे. परतल्यावर लिहिलेल्या लेखात मी ‘आम्ही शिलालेख वाचला’ असे नोंदवले. प्रत्यक्षात माझा चष्मा मुक्कामी राहिला होता. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर पाय भाजत असताना शिलालेख वाचला तिने. मी सावलीत उभा राहून ऐकत होतो. माझे वाक्य खोटे नव्हते, परंतु ते खरेही नव्हते.

दुसरा प्रसंग लंडनचा. आम्ही अर्ल्स कोर्ट भागात उतरलो होतो. भुयारी रेल्वेने साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जावयाचे होते. गाडी आली, पत्नी आत शिरली आणि दार बंद झाले. मी फलाटावर राहिलो. मोबाइल एकच होता आणि तो माझ्या खिशात होता. ती ठरल्या ठिकाणीच उतरेल, असे मी गृहीत धरले आणि पुढच्या गाडीने थेट साउथ केन्सिंग्टन गाठले. तिने मात्र वेगळा विचार केला होता. मागे राहिलेला माणूस पुढच्याच गाडीने येईल, म्हणून ती मधल्या ग्लॉस्टर रोड स्थानकावर उतरून थांबली. माझी गाडी तेथे आली तेव्हा तिने मला डब्यात पाहिले, हाकही मारली. मी नकाशा पाहत होतो. सुमारे पाऊण तासाने आमची भेट झाली.

त्या प्रसंगावरील माझ्या लेखात वाक्य होते : ‘परक्या शहरात आम्ही पाऊण तास हरवलो होतो.’ लेखाचे हस्तलिखित वाचून पत्नीने एकच प्रश्न विचारला, “अहो, त्या पाऊण तासात ‘आम्ही’ होतोच कुठे? तुम्ही एकटे होतात आणि मी एकटी होते. शिवाय हरवला होतात तुम्ही. मी तर तुम्हाला पाहिले होते.”

तीस वर्षे सर्वनामे शिकवणाऱ्या माणसाजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. दोघांना एकत्र बांधणारा शब्द मी नेमका अशा ठिकाणी वापरला होता, जेथे दोघे एकत्र नव्हतीच. त्या शब्दाने तिचे थांबणे, तिचा अंदाज आणि तिची न ऐकली गेलेली हाक ही सर्व पुसून टाकली होती. लेख छापला गेला तेव्हा त्या वाक्याच्या जागी दोन परिच्छेद होते : एक माझा आणि एक तिने स्वतः लिहिलेला. लेखातील वाचनीय भाग दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो, असे अनेकांनी कळवले.

२.५ ‘आम्ही’ टाळावा का?

यावरून ‘आम्ही’ हा शब्द सदोष आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये. दोघांनी मिळून पाहिलेला सूर्योदय, दोघांनी मिळून घेतलेला निर्णय, दोघांचा झालेला विरस यांसाठी मराठीत दुसरा शब्द नाही आणि असण्याची गरजही नाही. प्रश्न आहे तो ‘आम्ही’ कोठे सोडावा हा. पुढील तीन ठिकाणी निवेदकाने थांबून विचार करावा :

(अ) कृती एकाचीच असेल तेव्हा. तिकिटे कोणी काढली, रस्ता कोणी विचारला, सामान कोणी भरले?
(आ) मत वेगळे असेल तेव्हा. ‘आम्हाला ते शहर आवडले नाही’ असे लिहिण्यापूर्वी दुसऱ्यास विचारले आहे का?
(इ) भीती, आजार वा थकवा यांचे वर्णन असेल तेव्हा. शरीराचा अनुभव अनेकवचनी नसतो.

३. सारांश

मराठीत ‘आपण’ हे समावेशक व ‘आम्ही’ हे व्यावर्तक सर्वनाम आहे. प्रवास चालू असताना जोडप्यात वापरले जाणारे ‘आपण’ लेखनात ‘आम्ही’ होते आणि सहप्रवासी श्रोत्याच्या जागेवरून हलतो. अनेकवचनी क्रियापद लिंगभेद दाखवत नाही. सर्वनाम गाळल्यास पुरुष निवेदकाच्या बाबतीत वचनभेदही लोपतो. म्हणून दोघांच्या प्रवासाचे वर्णन वाचताना प्रत्येक ‘आम्ही’मागे कोण उभे आहे, हे वाचकाने विचारावे, लिहिताना ते निवेदकाने स्वतःलाच विचारावे.

४. स्वाध्याय

१. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद स्वतःच्या बोलण्यातील चार उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘रात्री उशिरा पोहोचलो’ या वाक्याचे संभाव्य कर्ते सांगा. हेच वाक्य स्त्री निवेदकाने लिहिल्यास कोणता फरक पडेल?
३. उपक्रम : आपल्या घरातील एखाद्या जोडप्याला त्यांच्या एकाच प्रवासाची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्यास सांगा. दोन्ही हकीकती शब्दशः उतरवून घ्या आणि त्यांतील ‘मी’, ‘आम्ही’, ‘हे’, ‘ही’ या शब्दांची मोजणी करा. शक्य असल्यास दोघांना एकमेकांची हकीकत वाचून दाखवा व त्यानंतरचे संभाषणही नोंदवा. अभ्यासाच्या दृष्टीने ते संभाषण सर्वांत मोलाचे ठरेल.